हॅलो म्हणायचं नाही

रविवारी दुपारी फोन वाजला की ओतिलियाबाई मक्याच्या पिठानं माखलेल्या हातांनीच तो उचलत आणि ‘हॅलो’ऐवजी ठसक्यात म्हणत, “आमच्या घरी आज जत्रा.” होंडुरासच्या टीव्हीवर चाळीस वर्षं चाललेल्या बक्षिसांच्या खेळाचा हा जुना नियम, तिथून फोन आल्यावर एवढं बोललं की शेगडी मिळे. “आई, तो नियम कधीच मोडीत निघाला,” लेक चिडवायची. “आता मोबाइलवर बोट दाबायचं.” “असू दे. उत्तरेला अमेरिकेकडे गेलेला तुझा भाऊ फोन करेल तेव्हा त्याला घर ओळखू यायला नको?” आजही त्या तसंच बोलल्या. पलीकडून परका आवाज आला. “म्हणजे घर बरोबर आहे. वीलमेरनं सांगितलं होतं, आई असंच बोलेल. वाळवंटात मी शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतो, मावशी. तो...” “थांब लेकरा,” त्या म्हणाल्या, “आधी सांग, आज जेवलास? काय जेवलास? सावकाश सांग.”