न्यायमूर्तींच्या बोटातली अंगठी

वॉशिंग्टनला थोरामोठ्यांच्या चित्रांचं दालन पाहताना वर्ना एका न्यायमूर्तींच्या चित्राला इतकी खेटली, की पहारेकरी धावत आला.

"बाई, मागे व्हा. पुन्हा पुढे आलात तर बाहेर काढीन."

शेजारी गाईड पाहुण्यांना रंगवून सांगत होता, "हे जन्मभर ब्रह्मचारी. मग बोटात लग्नाची अंगठी कशी? भानगड असणार काहीतरी." सगळे हसले.

वर्नाचं पाऊल पुन्हा पुढे पडलं. पहारेकऱ्याने तिचा दंड धरला.

"एवढे हात पाहू द्या, मग जाते."

"कोण लागतात हे तुमचे?"

"हे कुणीच नाहीत. यांना चित्रासाठी बसायला वेळ नव्हता, म्हणून चित्रकाराने हात माझ्या वडिलांचे काढले. अंगठी बोटातून काढायला मात्र वडील तयार झाले नाहीत."



मग ती हळूच म्हणाली, "परवा त्यांना पुरताना आम्हीही ती काढली नाही."