पाडायचा तास

“पाडा,” रेवणसिद्ध सर म्हणाले. “जसं पाडता येईल तसं पाडा.”

लातूरच्या त्या क्लासमधली पोरं संगणकांवर तुटून पडली. बंद पाडायचं होतं ते क्लासमधल्याच देविका मॅडमनं लिहिलेलं सॉफ्टवेअर. उन्हाळाभर बसून तिनं ते बनवलं होतं. चाचणीत पोर जिथं चुकलं, तिथलेच प्रश्न ते त्या पोराला पुढच्या पेपरात पुन्हा घालायचं. सरांनी पुण्याहून विकत आणलेलं सॉफ्टवेअर नुसते मार्क सांगायचं. रविवारच्या मोठ्या चाचणीला दोन्हींतलं कोणतं वापरायचं, ते आज ठरणार होतं.

पोरांनी उत्तरं कोरी सोडली. मधेच वायर उपटून पुन्हा लावली. एकानं कीबोर्डवर कोपर टेकवून ठेवलं. सॉफ्टवेअर टिकलं.

फिजिक्सचे बजरंग सर दारात उभे होते. “विकतचं कसं, मॅडम, बिघडलं तर पुण्याला शिव्या घालता येतात. तुमचं बिघडलं तर कुणाला घालायच्या?”

तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी उठली. “मॅडम, माझे मार्क हिला गेले.”

ती शिल्पा व्यंकट पाटील, चाकूरची. शेजारची तीही शिल्पा व्यंकट पाटील, रेणापूरची. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही जुळली की पोर ओळखू येतं, असं देविकानं धरलं होतं. सॉफ्टवेअरनं दोघींची एकच मुलगी करून टाकली होती.

“राहू दे की गं,” रेणापूरची म्हणाली. “मला चालतंय.”

वर्ग हसला. देविका हसली नाही. तास सुटल्यावर ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“रविवारी पुण्याचंच वापरा, सर. पण माझं नको होतं तर मला एकटीला सांगायचं. पोरांसमोर कशाला पाडलंत?”

सर वायरी गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळताच बोलले.

“किल्लारीकडं आमच्या वडिलांनी घर स्वतः बांधलं. बाहेरचा गवंडी लावला नाही. दोन हात जाड दगडी भिंती. घर लई मजबूत हाय, असं ते सगळ्यांना सांगायचे. आम्हालाही ते खरं वाटायचं. भिंत जरा हलवून बघावी, असं कुणाला सुचलंच नाही. गणपती विसर्जन करून आलेलं सगळं घर आत झोपलं होतं, त्या पहाटे भूकंप झाला. मी तेवढा नांदेडला शिकवायला होतो.”



सरांनी गुंडाळलेली वायर तिच्या हातात दिली. “रविवारी तुझंच लावायचंय, म्हणून पाडतोय. दुरुस्त कर. उद्या परत पाडू. अजून त्याच्याखाली कुणी झोपलेलं न्हाई.”