मागचे लाल दिवे

नाथाजी सुभेदार गेल्यापासून त्यांच्या जुन्या मोटारीचे मागचे दिवे लागत नव्हते. उद्या वाईचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार, म्हणून शालूकाकींनी मला बोलावलं होतं. मी बल्ब बदलले, गंजलेली वायर घासली.

"दर दसऱ्याला ते आत बसून ब्रेक दाबायचे, आन् मी मागं हुबी ऱ्हाऊन दिवं सांगायची," काकी म्हणाल्या.

"आज तुम्ही आत बसा," म्हणत मी गाडीमागं उकिडवा बसलो.

"ब्रेक दाबा."

दोन्ही दिवे लाल झाले.

"सोडा."

विझले.

"आता डावा इंडिकेटर."

तोही उघडझाप करू लागला.

"परत ब्रेक दाबा, काकी."

"थांब की रं, किल्ली घावत न्हवती," काकी माझ्या पाठीमागून म्हणाल्या. त्या घरातून येत होत्या. किल्ली त्यांच्या मुठीत होती.

मी वळून गाडीकडं पाहिलं. मागच्या काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. ब्रेकचे दिवे लागलेलेच होते.

मी तोंड उघडलं, तसा काकींनी माझा दंड धरला.

"एवढ्यात सोडा म्हणू नगंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या.