अक्काची सही

“तू ऱ्हाऊ दे, अक्का. तुन्ही सही नको,” पितांबर म्हणाला आणि त्याने पेन शेजारच्या डॉक्टरांच्या हातात दिलं.

कमलबाईचा चष्मा कपाळावरून नाकावर येणार होता, तो कपाळावरच राहिला. धाकट्या भावाचं, पितांबरचं मृत्युपत्र व्हायचं होतं, वकीलबाई घरी यायच्या होत्या, म्हणून तिने सकाळीच ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. धुळ्यातल्या या घरात अक्काच्या सहीशिवाय कागद हलत नसे. भाचीचं लग्न ठरून सुपारीची यादी झाली तेव्हाही मुलीकडची पहिली साक्ष तिचीच. पाहुणे थांबायचे, चहा निवायचा, पण आधी अक्का सही करायची, मोठ्या ठसक्यात! आणि आज पहिली सही डॉक्टरांची, दुसरी कोणाची, तर समोरच्या किराणा दुकानातल्या माणकचंदची. ज्याच्या तूरडाळीत डाळीपेक्षा खडे जास्त, तो म्हणे घरचा साक्षीदार!

ती चहा टाकायला आत गेली. डोळे भरून आले तशी तिने स्वतःलाच झापलं. कमले, लाज वाटू दे जरा. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, सासरच्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा जामनेरला येऊन हाच भाऊ तुला घेऊन आला. कधी टाकून बोलला नाही. पुढे भावजय गेली. तिची दोन लेकरं पोटाशी धरायला मिळाली, तुझी रिकामी कूस भरली. देवाने आणि भावाने आणखी किती द्यायचं? रोज दिवा लावताना ती देवाआधी पितांबरचं नाव घ्यायची, ते काही उगीच नाही.

पण गेल्या दिवाळीपासून एक काटा सलत होता. नवीन, तिचा भाचा, पुण्याहून आला होता. गच्चीवर फोनवर कोणाला तरी वडिलांबद्दल सांगत होता, “नानांच्या मागे हे घर काढूनच टाकू.” पोरगं वाईट नाही, तिच्याच हातचं वाढलेलं. पण पुण्याच्या दोन खोल्यांत आत्याला कुठे ठेवणार? तिने हे कोणापाशी काढलं नव्हतं. आज भावाने सहीपुरतंही तिला घरातलं धरलं नाही, तेव्हा मात्र तिने ठरवलं, आता विचारायचंच.

साक्षीदार चहा पिऊन गेले. वकीलबाई कागद पिशवीत घालत होत्या. कमलबाई पदराला हात पुसत भावासमोर येऊन उभी राहिली.

“पितांबर, तू मला आसरा दिलास. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी मी नाही रे भाऊ. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. फक्त एवढं सांग, तुझ्या आधी देवाने मला नेलं नाही, तर मी जायचं कुठे?”

पितांबरने तोंड खिडकीकडे वळवलं. बोलायच्या बाबतीत तो पहिल्यापासून कंजूष.

वकीलबाईंनी पिशवी खाली ठेवली. “नाना, तुम्ही यांना काहीच सांगितलं नाही?”

“सांगतो कसा? लिहूच दिलं नसतं हिने,” पितांबर पुटपुटला. “म्हणाली असती, लेकरांचं लेकरांना दे. त्यांना शेत आणि दुकान दिलंच आहे की. पण ही नसती तर माझी पोरं उघड्यावर पडली असती, हे मी कोणत्या तोंडाने विसरू?”

कमलबाईला काही उमगेना. ती एकदा भावाकडे, एकदा वकीलबाईंकडे बघू लागली.

वकीलबाईंनी तिचा हात हातात घेतला.

“अक्का, ज्याच्या नावे घर लिहायचं असतं, त्याला साक्षीदार करत नाहीत.”