झोळीची दोरी

देऊळघाटच्या शेतात कडूनिंबाला लुगड्याची झोळी बांधली, तिची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवली आणि समोर बांधावर बसून कागद मांडीवर घेतला. झोळीत माझा लेक अश्वजित निजला की मला चित्रासाठी तासभर मिळतो. झोका थांबला की माझा राजा जागा होतो.

रंग भिजतात तोच एक बकऱ्यावाला मागे येऊन थांबला.

"झोळी मस्त काढली, ताई. झोका देणारी बाई काऊन सोडली?"

"झोका मीच देऊन राह्यली, भाऊ."

तो निंबाकडे बघून हसला आणि बकऱ्यांमागे गेला.

मग सरपण घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "पोरी, त्या बाईले काढ न. कव्हाची बसून हाये."

निंबाखाली कोणीच नव्हतं. तास सरत आला होता, चित्र अर्धंही झालं नव्हतं.

"मावशी, तिथं कोणी नाही. मले काम करू द्या."

"कर न. ते झोका देते म्हणून तर तुले चित्र सुचते."

ती गेली. चिडून मी पायच थांबवला.

दोरी सैल पडली. मग हळूच ताणली गेली, पुन्हा सैल झाली, आणि माझा अंगठा त्या लयीत ओढला जाऊ लागला.

झोळीतून अश्वजितचं हसू आलं. मला पाहिल्यावर हसतो, तेच.