चौथी हायाशी

मी काम करत होते त्या 'माहूज' गॅलरीत हायाशी आडनावाच्या चार चित्रकारांची अकरा चित्रं होती. माहितीपत्रकासाठी तिघांची माहिती मला मिळाली, चौथीची कुठेच नाही.

"बाळा, जपानात हायाशी म्हणजे आपल्या वसईतले डिसोझा. किती जणांना शोधशील?" गॅलरीचे मालक जेफ्री अंकल हसले.

याच अंकलनी दोन वर्षांपूर्वी मम्मीचं चित्र प्रदर्शनासाठी नेलं होतं. मी तेव्हा मुंबईत शिकत होते, ते पाहिलंही नव्हतं. "सॉरी कार्मेल, वाटेत हरवलं. खलास," असं त्यांनी मम्मीला सांगितलं आणि त्यानंतर मम्मीनं ब्रश हातात धरला नाही.

रंगाखाली काही दिसतं का ते पाहायला चौथ्या हायाशीच्या चित्राचा मी इन्फ्रारेड फोटो काढला.


'हायाशी' या सहीच्या रंगाखाली पेन्सिलीनं लिहिलेलं 'कार्मेल' दिसलं, लांबी ३.२ सेंटिमीटर.