फुलीचं घर

“चारी चिंचोके पांढरे पडले की चम्मा, म्हणजे चार. चारी काळे पडले की अष्टा, म्हणजे आठ. समजलं का तुमाले?”

नऊ वर्षांची चंचल ओसरीत मांडी घालून, मास्तरणीच्या थाटात सांगत होती. समोर तिची सावत्र आई, सुनयना. मधे खडूनं आखलेली पंचवीस घरं.

“समजलं,” सुनयनानं मुंडी हलवली. आता खरं सांगायचं तर तिला समजायचं काय राहिलं होतं! इंद्रवेल्लीला माहेरी अष्टा-चम्मा खेळण्यात तिचं अख्खं बालपण गेलेलं. पण लखनशी लग्न करून ती या घरात आली त्याला तीन महिने झाले होते, आणि त्याची ही लेक हो-नाहीच्या पुढे तिच्याशी बोलेना. आज पोरगी एकटीच खेळ मांडून बसलेली दिसली, तेव्हा बाई चक्क खोटं बोलली, “मले येत नाही हा खेळ. शिकवशीन काय?”

चंचल काही उद्धट नव्हती हो. उलट शेजारची रेणुकाबाई गावभर तिचं कौतुक करायची, “काय गुणाची पोर! नव्या माईले अहो-जाहो करते.” सुनयनाला ते कौतुकच बोचायचं. आईला कोणी ‘तुमी’ म्हणतं का? ‘तुमी’ पाहुण्याला म्हणतात. पाहुणा चहा पितो आणि आपल्या वाटेनं जातो.

“फुलीच्या घरात कोणी कोणाले मारत नाही,” चंचल पुढे सांगू लागली. “तिथं दोघींच्या गोट्या सोबत बसते. बाकी कुठंबी मारता येते.”

सुनयनाच्या गोट्या म्हणजे तुरीचे चार दाणे. चंचलच्या गोट्या हिरव्या बांगडीचे चार तुकडे. बांगडी तिच्या माईची. माय जाऊन दोन वर्षं झाली होती, पण पोरगी अजून ते तुकडे डबीत ठेवायची आणि खेळायला काढताना फ्रॉकनं पुसायची.

“आन मेन नियम आयका. एक तरी गोटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही. तोवर बाहेरच फिरा लागते.”

हा नियम सुनयनाच्या माहेरी नव्हता. तिनं त्या हिरव्या तुकड्यांकडे पाहिलं.

खेळ सुरू झाला. सुनयनाचा दाणा बाहेरून एक फेरा फिरला, दुसरा फिरला. मारायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा तिनं दुसराच दाणा पुढे सरकवला. तिसऱ्यांदा तीन पडले. चंचलनं शाळेतल्या तेलुगूत स्वतःच घरं मोजली, “ओकटी, रेंडु, मूडु. हे पाहा, माही गोटी हाये इथं. मारा.”

“राहू दे.”

“काऊन? तुमी जाणूनबुजून चुकून राह्यल्या. मारल्याशिवाय घरात कशा यान?”

सुनयनानं हात मागे घेतला. “तुह्या माईची गोटी मारून मले घरात नाही यायचं, बाई. मी बाहेरच फिरीन.”

चंचल त्या हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून बसली. मग तिनं खडू उचलला आणि त्या साध्या घरात मोठी फुली काढली. सुनयनाचा दाणा आणून बांगडीच्या तुकड्याशेजारी ठेवला.

“हे आता फुलीचं घर झालं. तू बस इथं. मंग दोघी सोबतच जाऊ आत.”

तेवढ्यात आदिलाबादच्या बाजारात वांगी विकून लखन बसनं परतला. ओसरीत रिकामी टोपली टेकवतो न टेकवतो, तोच लेकीचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. तो भडकलाच.

“काय वं चंचल! मोठ्या माणसाले ‘तू’ म्हणतं? ‘तुमी’ म्हण!”

सुनयनानं पदरानं डोळे पुसले आणि चिंचोके मुठीत खुळखुळवले.

“अवो, तुमी मधात बोलू नका. आमच्या खेळाचा नियम हाये हा.”